सोपा शब्द

विद्यापीठाच्या उद्योजकता केंद्राची समन्वयक सुधारानी कन्नडात शिकलेली. 'उद्योजिका' शब्द प्रशिक्षण घेतलेल्या बारा बायकांना जड जाईल म्हणून तिनं मराठी प्रमाणपत्रांवर सोपं करून छापलं, 'धंदा करणारी बाई'. वाटप झाल्यावर शिपायानं मान खाली घालून दुसरा अर्थ सांगितला. अकरा प्रमाणपत्रं तिनं तारीख चुकल्याचं सांगून परत घेतली. बारावं आणायला ती मुडबी गावी गेली. सुभद्राबाईंनी ते फ्रेम करून आपल्या कडक भाकरीच्या दुकानात समोरच टांगलं होतं. खाली सुधारानीची सही. "बरं झालं आलात, अक्का," पिठाचे हात पदराला पुसत सुभद्राबाई म्हणाल्या. "मला वाचता येत न्हाई. गावातले गडीमाणसं रोज येऊन वाचायलेत आन हसायलेत. काय लिव्हलंय इचारलं तर सांगनात." "तारीख चुकलीय," सुधारानी पुटपुटली. "तारखेला कुणी हसतंय व्हय?" सुभद्राबाईंनी फ्रेम काढून तिच्या हातात दिली. "मोठ्यानं वाचा, अक्का."