घाटातली ट्रायल

"उस्ताद, ब्रेकच्या डिस्क तुम्हीच बदला. घाटातून माणसं न्यायची असतात," फोर-बाय-फोर जीपचा ड्रायव्हर म्हणाला.

युसूफमियांनी थरथरते हात दाखवले. "आता गॅरेज माझी लेक बघते."

हसीनाने पुढची चाकं आणि डिस्कला पकडणारे कॅलिपर काढले. डावी डिस्क गंजून चाकाच्या मधल्या हबला चिकटली होती.

"हातोडा मारा!" ड्रायव्हर म्हणाला.

तिने डिस्कच्याच आटे पाडलेल्या भोकांत दोन बोल्ट हळूहळू आवळले, तशी त्यांची टोकं हबला रेटू लागली. डिस्क अलगद सुटून आली. दोन्ही बाजूंना तिने नव्या डिस्क बसवल्या.

ड्रायव्हर तरीही गाडी न्यायला घुटमळला. तेव्हा हसीना स्टिअरिंगवर बसली आणि युसूफमिया काठी टेकत तिच्या शेजारी. ड्रायव्हर मागे बसला.

घाटातल्या तीव्र उतारावर तिने ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली.

युसूफमिया मागे वळले. "चाळीस वर्षं ब्रेक केले मी. इतकं सफाईचं काम माझ्याच्यानं कधी झालं नाही."