परड्यातली भिंत

लढाईच्या दिवसांत सूत मिळणं मुश्कील झालं होतं, आणि शहापूरच्या विणकर बायाक्कानं घरामागच्या परड्यात वाळत घातलेल्या सुताला लावलेली पेजेची खळ शेजारची म्हैस खुशाल चाटून जायची. म्हणून तिनं मल्लाप्पा गवंड्याला परड्याला भिंत घालायला सांगितली. त्यानं ती गुडघाभर उठवली आणि नंदगडला दुसऱ्याच कामावर पळ काढला.

दिवाळीच्या तोंडावर तो बैलगाडीतून उतरताना तिच्या तावडीत सापडला.

"माझी खळ खाऊन ती म्हैस लई माजली, आन् तू आता उगवतोस व्हय रं?"

"आजच लागतो की कामाला, आक्का! नंदगडातनं हालायलाच मिळालं न्हाय बघा."

भर बाजारातून भांडत, हसत दोघं घरी आली. बायाक्कानं परड्याचं दार उघडलं आणि ती बघतच राहिली. सकाळपर्यंत गुडघाभर असलेली भिंत डोक्याएवढी झाली होती. चुना अजून ओला होता.

"झाली की! उगंच शिव्या दिलासा मला," मल्लाप्पा खदखदून हसला. मग त्यानं दगडांच्या सांध्यावरून बोट फिरवलं, आणि त्याचं हसू ओसरलं.

"आक्का, ह्यो माझाच हात हाय."

भिंतीपलीकडं थापीचा आवाज सुरू झाला. मग ओळखीची हाक आली.

"आक्का, चुना संपला. जरा देतासा काय?"

"आणते रं, मल्लाप्पा," बायाक्का सवयीनं म्हणाली, आणि मग तिनं शेजारी पाहिलं.

मल्लाप्पानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं होतं.