गळ्यातली सवत

मंगळसूत्र काढा म्हटल्याबरोबर वनमालानं ते काढून नवऱ्याच्या हातात टाकलं. बांगड्या, जोडवी, नाकातली चमकी, सगळं निघालं. राहिला काळ्या दोऱ्यातला चांदीचा टाक. सिस्टरनं त्याला हात लावला तसा वनमालानं तिचा हात झटकून दिला.

"हे न्हाई निघायचं."

"काकू, एमआरआय आहे. अंगावर धातू चालत नाही."

"मग ऱ्हाऊ द्या ते मशीन."

बीडच्या त्या सेंटरात सकाळपासून ताटकळलेली माणसं तमाशा बघायला सरसावून बसली. वनमालाच्या डोक्यात गाठ असावी असा डॉक्टरांना संशय होता. आहे की नाही ते आज कळायचं होतं. तिचा नवरा सुंदरराव मंगळसूत्र मुठीत धरून फरशीकडं बघत होता. या बाबानं जन्मभर दुसरं केलं काय? घरात बायको आणि लेक भांडायला लागल्या की याचं लक्ष फरशीत.

कोपऱ्यातून तेजश्री उठली. सुंदररावाच्या पहिल्या बायकोची लेक, धारूरला दिलेली. टाक तिच्या मेलेल्या आईचा, जानकीचा. मेलेल्या सवतीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा, ही रीतच. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग आपल्या अंगाला. सणाचा पहिला घास टाकाला. जानकीचा फोटो म्हणून घरात एक नव्हता. होतं ते तिचं तोंड ठोकलेलं एवढंसं चांदीचं पान, आणि तेही या बाईच्या छातीवर. लहानपणापासून तेजश्रीनं हात पुढं केला की वनमाला तिच्या हातावर फटका मारायची. तो राग तेजश्रीनं सासरीसुद्धा सोबत नेला होता.

"आन इकडं," ती म्हणाली. "माझ्या मायचं हाय. मी सांबाळते."

"तुज्याकडं तर मुळीच न्हाई. एकदा तुज्या हातात गेलं की गेलं धारूरला. मला काय कळत न्हाई व्हय गं?"

"गेलं तर गेलं! मेल्यावर काय छातीवर घेऊन जानार हायेस, मावशी?"

बोलून गेली आणि तिची तिलाच जीभ जड झाली. पण शब्द मागं घेईल तर ती तेजश्री कसली.

"अहो, मग काकांकडं द्या," सिस्टर वैतागली.

"त्यांनी हात लावायचा न्हाई. बायांचं हाय ते."

एवढ्यात वनमालाच्या डोक्यात कळ आली. तिनं डोळे मिटले आणि भिंत धरली. कळ ओसरली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं दोऱ्याची गाठ सोडली आणि टाक तेजश्रीच्या हातावर आपटला.

"बाहेर आले की दे. तुज्या मायची शपथ हाय तुला."

"जा आधी आत," तेजश्री म्हणाली. शपथ काही तिनं घेतली नाही.

दार बंद झालं. अर्धा तास तशीच बसून राहिल्यावर तेजश्रीनं मूठ उघडली. आयुष्यात पहिल्यांदाच ती आईला इतक्या जवळून बघत होती, आणि बघते तर आईला तोंडच नव्हतं. नाक, डोळे, कुंकू, सगळं झिजून सपाट. डोक्यावरच्या पदराची तेवढी एक रेघ उरलेली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घासून घासून पुसून टाकली हिनं माझी माय! आता हे परत द्यायचंच नाही. तिनं दोरा आपल्या गळ्यात बांधला, पिशवी उचलली आणि धारूरची गाडी किती वाजता आहे ते बापाला विचारलं. बाप फरशीकडं बघत राहिला.

ती दारापर्यंत पोचली तोच मागून हाक आली. वनमाला भिंतीच्या आधारानं बाहेर आली होती. तिची नजर तेजश्रीच्या गळ्यावर गेली. डोकं धरून उभी असलेली ती बाई कशी धावली कोण जाणे, पण तिनं तेजश्रीच्या खाडकन मुस्काटात मारली.

"काढ! आधी काढ ते! तू काय मेलेल्या सवतीवर दिलेली हायेस का गं? ह्ये भोग गळ्यात घालून घेतीस? तुज्या संसाराला काय झालं म्हंजी?"

ती स्वतःच तिच्या मानेमागची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना.

"मायचं तोंड पुसून टाकलंस माझ्या," तेजश्री रडत ओरडली.

"न्हाई पुसनार तर काय? रोज आंगुळ घालते तिला. रोज हळद-कुकू. मला बी कुनी इतकं जपलं न्हाई." गाठ सुटली. वनमाला धापा टाकत बाकावर बसली. "आन तोंड कशाला हुडकतीस टाकात? सारं चौसाळा गाव म्हनतं, तेजी म्हंजी जानकीच. तेच तोंड रोज बघत आले मी घरात. लई सोसलंय."

तेजश्रीनं पिशवी खाली ठेवली. गाल झणझणत होता.

"रिपोर्ट उद्या मिळेल," सिस्टर दारातून म्हणाली आणि आत गेली.

सुंदररावानं मंगळसूत्र पुढं केलं. वनमालानं तिकडं बघितलंही नाही. तिनं टाक तेजश्रीच्या हातात दिला आणि तिच्यापुढं मान वाकवली.

"आधी ह्ये."

मान बारीक झाली होती, केस विरळ झाले होते. तेजश्रीनं दोरा मागं घेतला आणि जोरात ओढला.

"आगं, गळा आवळतीस काय माझा?"

"गप बस," तेजश्री म्हणाली. "सुटायला नको." आणि एका गाठीवर तिनं दुसरी गाठ मारली.