दोघांचं ॲप

संत्र्याच्या बागेला पाणी कधी द्यायचं हे सांगणारं ॲप वलगावच्या प्रणालीनं आणि तिच्या मोठ्या भावानं, गोपालनं, मिळून लिहिलं. ते सगळ्यांना फुकट द्यायचं हे नक्की होतं, अडलं ते कोणी कसं वापरायचं याच्या परवान्यावर. प्रणालीला कॉपीलेफ्ट हवा होता. कोणीही घ्यावं, बदलावं, पण बदललेला कोडही सगळ्यांसाठी खुला ठेवावा.

"द्याचं त मोकळ्या मनानं द्याव," गोपाल म्हणाला. "लोकाईले काहून बांधून राहिली तू?"

दादाचं ऐकून तिनं दुसरा परवाना लावला: आमचं नाव तेवढं ठेवा, बाकी काहीही करा.

वर्षभरात अकोल्याच्या एका कंपनीनं ते ॲप घेतलं, त्यात बरीच भर घातली आणि नवा कोड बंद ठेवला. वर गोपालला बोलावून तिथेच नोकरी दिली. प्रणालीनं गल्लीत पेढे वाटले.

पहिल्या सुट्टीला तो घरी आला, तेव्हा तिनं कौतुकानं विचारलं, "दादा, आपल्या ॲपमंदी नवीन काय केलं, दाखव ना मले."

गोपालनं लॅपटॉप हळूच मिटला.



"कोड घरच्याईलेबी दाखवाचा नाही, असं कंपनीले लिहून देलं मी."