कोयंडा

कोंबडीच्या पिल्लांचं खोकं अंगणात ठेवून सुतार लेकीला हाका मारत होता आणि लेक काही बाहेर येत नव्हती. ती बाथरूमची कडी तपासत होती. लावायची, ओढून बघायची, काढायची, पुन्हा लावायची. चार दिवस हेच चाललं होतं. शाळेतून आली की दप्तर टाकायचं, घरातली एकूण एक कडी ओढून बघायची, मग जेवायला बसायचं आणि दोन घास खाऊन उठायचं. नऊ वर्षांची पोर, पण वागणं रखवालदाराचं.

चार दिवसांपूर्वी मुंगसाने परसातल्या पाचही कोंबड्या मारल्या. सकाळी बघतात तर खुराड्याचं दार सताड उघडं. रोज संध्याकाळी कडी लावायचं काम लेकीचं, त्यामुळे चौकशीबिकशी काही झालीच नाही. "एक काम सांगितलं होतं तुला, एक!" आई ओरडली आणि सगळं खापर पोरीच्या डोक्यावर फुटलं. सुतार तिथेच उभा होता, मूग गिळून.

"मी लावली होती," पोर पहिल्या दिवशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बहुतेक लावली होती." तिसऱ्या दिवसापासून तिने तो विषयच सोडला.

शेवटी ती एकदाची अंगणात आली. सुताराने खोक्याचं झाकण उघडलं.

"सहा आहेत. बघ तरी! ती काळी कसली भांडकुदळ आहे, थेट तुझ्या आत्यावर गेलीय."

पोरीने आत डोकावलंसुद्धा नाही. "परत देऊन ये, बाबा. माझ्याकडून पुन्हा राहील."

"अगं, नाही राहणार."

"राहील. मला वाटतं लावली, आणि लावलेलीच नसते."

चार दिवस सुताराने काय काय सांगून पाहिलं होतं! एकदा म्हणाला, वाऱ्याने उघडलं असेल. एकदा म्हणाला, हल्लीची मुंगसं फार बेरकी, कड्यासुद्धा काढतात. खरं तेवढं सोडून सगळं. अख्खा दरवाजा एकट्याने खांद्यावर उचलणारा गडी, पण चार शब्द बोलायचे तर जीभ टाळ्याला चिकटत होती. आज मात्र त्याने मनाचा हिय्या केला आणि तो पोरीपुढे उकिडवा बसला.

"ऐक. तू कडी लावली होतीस. ढिला होता तो खुराड्याच्या चौकटीवरचा कोयंडा. आदल्या दुपारी गिऱ्हाइकाच्या कपाटाला दोन स्क्रू कमी पडले, दुकान बंद होतं, म्हणून मी आपल्या कोयंड्याचे काढून नेले. म्हटलं, उद्या लावू. एका स्क्रूवर राहिला होता बिचारा. मुंगसाने धडक दिली आणि आला उपटून."

पोरीने खुराड्याकडे एक नजर टाकली.

"सकाळी सगळ्यांच्या आधी मीच उठलो. बघितलं तर कोयंडा तुझ्या कडीला तसाच लोंबत होता. तुम्ही उठायच्या आत तो सोडवला आणि पुन्हा चौकटीला ठोकून टाकला. मला तुझ्या आईपुढे... लाज वाटली गं. चूक माझी होती, बाळा. तुझी काहीसुद्धा नाही."

पोर त्याच्याकडे बघत राहिली. मग चार दिवसांत पहिल्यांदा हसली, पण ते हसू नऊ वर्षांच्या पोरीचं नव्हतं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे, बाबा. आधी वारा झाला, मग मुंगूस झालं, आता तू."

"अगं, देवाशप्पथ खरं सांगतोय!"

"मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस. कळतं मला."

ती खुराड्यापाशी गेली. कोयंडा दोन्ही हातांनी धरला, चौकटीला पाय लावला आणि सगळा जीव एकवटून ओढला. तो तसूभरही हलला नाही.

"बघ," ती म्हणाली. "तुझं काम कधी ढिलं असतं का?"