धुतलेली लोकर

"लोकरीला ऊन पाज गं सुनबाई, झोपेला उन्हाचा वास येऊ दे." सफाक्स शहरात उन्हाळा आला की झोहराला वारलेल्या सासूचा हा आवाज आठवे.

यंदा लेकीची, मबरूकाची, रात्रीची घरघर तिने डॉक्टरांच्या कानावर घातली होती. "गादीतल्या बारीक किड्यांमुळे पोरीला धाप लागते," ते म्हणाले. मबरूका झोपायची ती सासूची गादी झोहराने उसवली, आतली लोकर कढत पाण्यातून काढली, गच्चीवर पसरून बडवली.

शेजारीण हसली, "न दिसणाऱ्या किड्यांशी भांडतेस, नवऱ्याशी कधी भांडणार गं?"

संध्याकाळी पुन्हा भरलेल्या गादीला शेवटचा टाका घालताना घरघर ऐकू आली. झोहराने वळून पाहिलं. मबरूका दारात उभी होती, ओठ मिटून.

रिकाम्या गादीवरचे टाके हळूहळू वरखाली होत होते.

"आई," मबरूका पुटपुटली, "मला धाप कधी लागलीच नव्हती. तू घाबरशील म्हणून बोलले नाही."