ओ आली नाही

भूकंपात डोंगरावरचं गाव भुईसपाट झालं आणि ढिगारे उपसायला घाट चढून एकच मशीन वर पोचलं. म्हणून जिथून ओ येईल तिथंच आधी खणायचं ठरलं. हाका मारायचं काम बसच्या कंडक्टरकडे आलं, कारण त्याचा आवाज भर बाजारातही पार टोकापर्यंत जायचा. तो हाक मारी आणि बाकीचे पाऊलही न हलवता कान देऊन उभे राहत.

शिवणवाल्या मावशींना बेशुद्ध असतानाच खाली दवाखान्यात हलवलं होतं. त्यांचा मुलगा घरातच अडकला होता आणि सांगायला शेजारपाजार उरला नव्हता. त्या ढिगाऱ्यापाशी कंडक्टर घसा बसेपर्यंत ओरडला. ओ आली नाही, तसं मशीन पुढे गेलं.

सगळं आटोपून ते परत तिथं आलं, तेव्हा मुलगा सापडला. डॉक्टर म्हणाले, "कालपर्यंत जिवंत असावा."

पायाला प्लास्टर घालून मावशी परतल्या. कंडक्टरला त्यांच्याकडे बघवेना.

"मावशी, जीव तोडून हाका मारल्या हो मी."

त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.



"त्याला ऐकू येत नव्हतं रे बाळा. आम्ही जमिनीवर पाय आपटून बोलवायचो त्याला."